लाटसाहेबांचे डोंगर

"मुंबईला नवा लाट आलाय." म्हाळूबा, तुमच्याशी मी शेवटचं बोललो ते एवढंच.

तुम्ही पडवीत घोंगडीवर पडला होता. आठ दिवस ताप उतरला नव्हता. तुमच्या मंडळी, जनाक्का, झऱ्यावर गेल्या होत्या, घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "मास्तर, कायतरी सांगायचं हाय न्हवं तुमास्नी?" नऊ वर्षांत इतकी सोपी वेळ मला कुणी आणून दिली नव्हती. मी टोपी काढून मांडीवर घेतली, घसा खाकरला, आणि बोललो ते हे. नवा लाट आलाय. "आला काय? बरं," म्हणालात आणि भिंतीकडे तोंड केलंत. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात.

तुम्ही होता तेव्हा मी तुम्हाला "अरे म्हाळू" म्हणायचो. तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे, गावचे गावडे, देवापुढचा पहिला नारळ तुमचा. मी विशीतला पोरगा, पण डोक्यावर टोपी आणि हातात छडी, म्हणून तुम्ही मला "तुमी" आणि मी तुम्हाला "अरे". आज "तुम्ही" लिहायला मला काही पडत नाही. मेलेल्याला मान द्यायला कुणाचं काय जातं?

काल तुमचं बारावं झालं. तिथे जे घडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्याने राहवत नाही, पण ते सांगायचं तर आधीचं सगळं सांगावं लागेल, आणि तुम्हाला ठाऊक असलेलंही माझ्या तोंडून यायला हवं. तुम्हाला किती ठाऊक होतं ते मला कालच कळलं.

मी खानापूरहून इथे आलो तेव्हा शाळा म्हणजे गवताने शाकारलेली एक खोप होती. नंदिगड्ड्याहून सकाळी निघालं की रान तुडवत दुपारी गाव लागायचं. आल्या दिवशी मी मनात म्हणालो, एक वर्ष, फार तर दोन, मग बदली मागायची. बदलीसाठी साहेबाच्या नजरेत भरायला हवं, आणि नजरेत भरायचं तर मुलांनी तपासणीत फाडफाड उत्तरं द्यायला हवीत. अभ्यासात एक कलम असं होतं की मोठ्या मुलांना मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचा इतिहास क्रमाने, सनांसकट पाठ हवा. ज्या पोरांनी मुंबई सोडाच, हल्याळचा बाजार पाहिला नव्हता, त्यांच्या तोंडात ती साहेबी नावं बसेनात. मी छडी काढली. छडीने आवाज वाढला, पाठांतर तेवढंच राहिलं.

तुम्ही त्या दिवशी मला कोनफळं द्यायला आला होता. पायरीवर बसून तुम्ही सगळा तमाशा ऐकलात. मुलं थकली, मी थकलो, तेव्हा तुम्ही हळूच विचारलंत, "मास्तर, ह्यो लाट म्हंजे कोन वो? राजा?"

"राजा नव्हे. राजा विलायतेत असतो. त्याने नेमलेला माणूस. पाच वर्षं मुंबईत राहतो आणि परत जातो."

"म्हंजे गावडा," तुम्ही म्हणालात.

मला हसू आलं. मुलांना मात्र हसू आलं नाही, ती तुमच्याकडे वळून बसली. तुम्ही त्यांना सांगितलंत, "हे बगा रे. आपला देव कुनाचा? गावडाचा हाय काय? न्हाई. गावडा निस्ता राखतो. पयला नारळ फोडतो, वाद मिटवतो, डोंगूर वाटून देतो. तसा ह्यो मुंबईचा गावडा. मुंबई त्येची न्हाई. राखायची आन जायाचं."

एक पोर म्हणालं, "मग अज्जा, तुमी पाच वर्सानी का न्हाई गेलासा?"

सगळी खोप हसली. तुम्हीही हसलात, आणि म्हणालात, "मला कोन बोलवाय आलाय विलायतेस्नं!" माझ्या शाळेत तोवर कुणी हसलं नव्हतं. ते मला तेव्हा आवडलं नाही, हे इथे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा आलात आणि मला म्हणालात, त्या लाटांची वर्षं मला सांगा, सन नको, आजच्यापासून किती वर्षांमागं ते सांगा. मी म्हणालो, अमका लाट सव्वीस वर्षांमागं आला. तुम्ही बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलंत. "सव्वीस म्हंजे आमी तवा सावरीच्या डोंगरावर. दुसरं पीक. पोरांनू, तुमच्या आज्यानं तवा अस्वल मारलं बगा, त्योच लाट."

कुमरी मला तोवर ऐकून ठाऊक होती. ती तुम्ही मला समजावलीत. उताराचं रान तोडायचं, वाळू द्यायचं, जाळायचं, राखेत नाचणी पेरायची. दोन पिकं घेतली की तो उतार रानाला परत द्यायचा आणि पुढच्या डोंगरावर जायचं. बारा-चौदा वर्षांनी फिरून पहिल्या डोंगराशी. तुमच्या गावात सन कुणाला ठाऊक नव्हता, पण डोंगरांचा फेरा पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. कुणाचा जन्म सावरीच्या डोंगराचा, कुणाचं लग्न करवंदीच्या उताराचं, वाघाने गाय नेली ती कातळाच्या डोंगराच्या पहिल्या पिकाला. त्या फेऱ्यावर तुम्ही एकेक लाट नेऊन बसवलात. एका लाटाला दोन डोंगर आणि वर थोडं. एक लाट मुदतीआधीच घरी गेला होता, तर तुम्ही म्हणालात, "ह्यो अर्ध्या डोंगरावरनंच गेला. ह्येच्या वाट्याची राखन करायची ऱ्हायली." ते नाव मुलं कधी विसरली नाहीत.

पंधरा दिवसांत मुलांना शेवटचे दोन सोडून सगळे पाठ झाले. पुढून, मागून, मधूनच कुठूनही. मी नुसतं "कातळाचा डोंगर" म्हणालो की लाटाचं नाव यायचं, आणि लाटाचं नाव घेतलं की कुणाचा आजा तेव्हा कुठे राखणीला बसायचा हेही यायचं. बारा वर्षांच्या माझ्या मास्तरकीत मुलांनी एखादी गोष्ट इतक्या आनंदाने शिकल्याचं दुसरं उदाहरण नाही. आणि ती मी शिकवली नव्हती.

आपला वाद तेव्हाचाच, आणि तो मिटला नाही. मी म्हणायचो, म्हाळू, इतिहासात गव्हर्नरांनी काय केलं ते यायला हवं. रस्ते केले, आगगाडी आणली, शाळा काढल्या. तुमच्या डोंगराचा त्यात काय संबंध? तुम्ही पानाला चुना लावत म्हणायचात, "त्येनी काय केलं ते तुमी सांगा, मास्तर. त्येनी ते केलं तवा आमी कुटं हुतो, ते आमी सांगतो. दोनी मिळून हुतंय न्हवं?" मी म्हणायचो, याला इतिहास म्हणत नाहीत. तुम्ही म्हणायचात, "मग काय म्हनत्यात?" मला उत्तर यायचं नाही, म्हणून मी आवाज चढवायचो. अजूनही उत्तर येत नाही. पण आवाज चढवायला आता समोर तुम्ही नाही.

उळवीच्या जत्रेला आपण एकदा बरोबर गेलो होतो, आठवतं? तुम्ही धारवाडकडच्या एका गाडीवानाला गाठलंत आणि त्याच्या भाषेत विचारलंत, तुमचा लाट कोण? त्याने नाव सांगितलं. आपलाच! तुम्हाला इतका आनंद झाला की तुम्ही त्याला गूळ-खोबरं दिलंत. मग विचारलंत, तो आला तेव्हा तुम्ही कुठल्या डोंगरावर होता? गाडीवान म्हणाला, आमच्याकडे डोंगर कुठला, सगळी काळी माती, एकाच जागी.  मग मला म्हणालात, "बिचारी. त्येंनी ध्यानात कसं ठिवायचं?" मी ते वर्षभर लोकांना हसून सांगितलं. तुमची चेष्टा म्हणून सांगितलं.

आता ते शेवटचे दोन लाट.

फेरा मोजत मोजत आपण अलीकडे आलो आणि तुम्ही थांबलात. तुमच्या डोंगरांवर सरकारी जंगलाच्या हद्दीचे दगड बसले होते, कुमरी बंद झाल्याचा कागद आला होता. "त्येच्या फुडं डोंगूर न्हाई, मास्तर," तुम्ही म्हणालात. "हे फुडले दोन लाट कशावर बसवायचे?" मुलंही त्या दोन नावांशी अडखळायची. बाकीचे सगळे येत, ते दोन येत नसत.

त्या सुगीला तुम्ही मला नवं खायला बोलावलंत. घरी नव्हे, रानात. कोयत्याने वाट काढत तुम्ही पुढे, मी धोतर सावरत मागे, आणि एका घळीत आपण उतरलो. चहूकडे तिरफळीची झाडं, बाहेरून पाहणाऱ्याला आत काही आहे असं वाटू नये अशी जागा. आत उतारावर नाचणी उभी होती. फार नव्हती. तीन घरांचं पावसाळ्यापर्यंतचं खाणं, एवढीच. तुमचं, तुमच्या शेजारच्या गुंडूचं आणि आणखी एका घरचं. जनाक्कांनी तिथल्याच दगडांच्या चुलीवर भाकरी केली. ती गरम भाकरी, वर तिरफळ घातलेली आमटी. तुम्ही म्हणालात, "हे दोन लाट हितले. पयला घळीच्या अल्याड, दुसरा पल्याड. पोरास्नी मी तोंडी सांगीन, ती कुटं बोलायची न्हाईत. पर तुमी कागदावर घालू नगासा."

"छे! मी काय खुळा आहे का?" मी म्हणालो.

मी खुळा नव्हतो. खुळा असतो तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी तपासणी जवळ आली तसं माझ्या डोक्यात एक भूत शिरलं. हा लाटांचा इतिहास नीट लिहून काढावा, मुलांना समजेल असा, डोंगर-बिंगर सगळं घालून, आणि शाळातपासणीच्या साहेबांना द्यावा. छापला जाईल. जिल्ह्याच्या शाळाशाळांतून वाचला जाईल. मग खानापूरच काय, बेळगावची बदली मिळेल. मी नवी वही घेतली. आठ दिवस बसून सुवाच्य अक्षरात लिहिली. "लाट म्हणजे इलाख्याचा गावडा" इथपासून सुरुवात, तुमचीच. अस्वल तुमचं, अर्धा डोंगर तुमचा. वर नाव माझं. तुमचं नाव कुठे नव्हतं. एकदा वाटलं शेवटी एक ओळ घालावी, पण साहेब म्हणतील मास्तर गावड्याकडून शिकतो, म्हणून घातली नाही.

शेवटच्या पानावर तक्ता होता. एका रकान्यात लाटाचं नाव, दुसऱ्यात डोंगर. सगळे रकाने भरलेले, शेवटचे दोन रिकामे. ते दोन रिकामे रकाने मला बघवेनात, म्हाळूबा. याहून मोठं कारण माझ्याजवळ नाही. मला कुणी धमकावलं नव्हतं, कुणी लालूच दाखवली नव्हती. तक्ता अपुरा दिसत होता. साहेब विचारतील, इथे का काही नाही? मुलांचं पाठांतर कमी आहे असं वाटेल. मी दौतीत टाक बुडवला आणि लिहिलं, तिरफळीची घळ, अल्याड. तिरफळीची घळ, पल्याड. मग वाळू टाकून शाई टिपली आणि तक्ता छान दिसतो की नाही ते लांबून पाहिलं.

तपासणी झाली, साहेब खूश झाले, वही घेऊन गेले. तिथून पुढे ती कुणी कुणाला दाखवली ते मला ठाऊक नाही. बहुधा कौतुकानेच दाखवली असेल, कारण वही कौतुक करण्यासारखी होती. महिन्याभराने एका सकाळी जंगलाचे साहेब घोड्यावरून आले, बरोबर चार रानरखे. ते माझ्याशी अदबीने बोलले. मला खुर्चीवर बसायला सांगितलं. माझीच वही त्यांच्या हातात होती. शेवटचं पान उघडून त्यांनी विचारलं, "मास्तर, ही घळ कुठे आली? आमच्या नकाशात नाही."

तुम्ही नऊ वर्षं विचारलं नाहीत, पण मी सांगतो. "मला ठाऊक नाही" एवढंच म्हणायला पुरलं असतं. "गावकऱ्यांनी सांगितलं ते लिहिलं, मी कधी पाहिली नाही." साहेबाने ते मानलं असतं. वीस वर्षं शोधली असती तरी त्यांना ती सापडली नसती. पण ते मला "मास्तर" म्हणाले होते, खुर्ची दिली होती, आणि मी आयुष्यभर, विचारल्यावर उत्तर आलंच पाहिजे, असं मुलांना शिकवत आलो होतो. मी खुर्चीवरून उठलो, खोपीबाहेर आलो आणि हात केला. त्या दोन कातळांच्या मधून खाली, म्हणालो. 

दुपारपर्यंत नाचणी उपटली गेली. कणसं भरायला आठ-दहा दिवस उरले होते. गुंडूची बायको घळीच्या तोंडाशी बसून रडत होती, ते गावात सगळ्यांना ऐकू येत होतं. तीन घरांची माणसं धरायची होती. तुम्ही पुढे झालात आणि म्हणालात, "कुमरी माजी एकट्याची. हेंनी निस्ती मदत केली, मी बोलीवलं म्हनून आले." तुम्ही एकटेच गेलात. दीड महिना तुरुंगात होता. तिथून आणलेला खोकला मग तुमच्याबरोबरच राहिला, आणि शेवटचा ताप त्याच खोकल्यातून आला, असं वैदू म्हणाला. मी ते नाकारू शकत नाही.

तुम्ही परत आलात तेव्हा मी भेटायला आलो. अंगणात चार माणसं बसली होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "त्यांना कसं कळलं कोण जाणे. धूर दिसला असेल."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "व्हय," तुम्ही म्हणालात. "धूरच."

आणि मी, म्हाळूबा, मी सुटकेचा श्वास सोडला.

बदली मला मिळालीच नाही. वहीचं पुढे काही झालं नाही, छापली गेली नाही. पण प्रायश्चित्त म्हणून मी इथे राहिलो असं कुणी समजू नये. मी अर्ज करत राहिलो आणि ते नामंजूर होत राहिले, एवढंच. एक पावसाळा तुम्ही शाळेकडे फिरकला नाहीत. मग दिवाळी सरल्यावर एक दिवस पायरीवर येऊन बसलात, कोनफळांची पाटी ठेवलीत, आणि मुलांना म्हणालात, "म्हना, सावरीचा डोंगूर, कोन लाट?" मुलांनी म्हटलं. तिरफळीची घळ मात्र मुलं म्हणेनाशी झाली. पुढच्या नव्या लाटाचं नाव आलं तर ती म्हणाली, "ह्येला डोंगूर न्हाई," आणि तशीच पुढे गेली.  मी फळ्याकडे वळून काहीतरी लिहीत राहिलो.

मी तुमच्या घरी जेवलो. जनाक्का सणाला मला बोलावायच्या. गुंडूची बायको माझ्या खोलीसमोरून जाताना पाण्याची घागर भरून ठेवायची. माझी म्हैस व्याली तेव्हा तिसऱ्या घरचा माणूस रात्रभर गोठ्यात बसला. आणि मी मनाशी म्हणायचो, चला, यांना काही कळलं नाही. अडाणी माणसं, यांना कसं कळणार? हे वाक्य मी नऊ वर्षं मनात म्हटलं आहे. तेही लिहितो. तुमच्या जिवंतपणी मी तुमच्याविषयी काय विचार करत होतो ते तुम्हाला ठाऊक असायला हवं.

काल बाराव्याला सगळा गाव तुमच्या अंगणात बसला होता. कुंभारवाड्याहून तुमची लेक आली होती. पानं मांडली होती, पहिला भात वाढून झाला होता. मी उठून उभा राहिलो. का कालच, ते मला सांगता येत नाही. तुम्ही पडवीत नव्हता, आणि तुम्हाला सांगायची वेळ मी नव्या लाटात घालवली होती, एवढंच डोक्यात होतं.

"मला काही सांगायचं आहे," मी म्हणालो. "घळ धुराने सापडली नाही. मी वहीत लिहिली. साहेबाने विचारलं तेव्हा हातही मीच केला."

कुणी मान वर केली नाही. गुंडू भात कालवत होता, तो कालवत राहिला. जनाक्का आमटीचं भांडं घेऊन पंगतीत उभ्या होत्या.

"बसा, मास्तर," त्या म्हणाल्या. "ठावं हाय आमास्नी."

"कधीपासून?"

"तवापासनंच. तुमी हात केलासा तवा माजी धाकटी जाव शेण गोळा करत हुती, खोपीच्या मागं. सांजच्याला सगळी हितं जमली. गुंडू म्हनाला, मास्तराला हाकलूया. कोन म्हनालं, खोप जाळूया." त्यांनी पलीकडच्या पानावर आमटी वाढली आणि पुन्हा माझ्याकडे वळल्या. "हेंनी न्हाई म्हनालं. ह्यो गेला तर दुसरा मास्तर हितं यायचा न्हाई, म्हनालं. आनी कुमरी बंदचा कागूद आला तवा आमच्यातल्या एकालाबी वाचाय आला न्हाई. पोरं शिकूंदेत, म्हनालं, फुडचा कागूद त्येंनी वाचाय पायजे. मी जिता हाय तवर मास्तराला कुनी एक शब्द बोलायचा न्हाई. देवाच्या दगडावर हात ठिवून घेतली शपथ, सगळ्यांकडनं."

तुम्हाला दुसऱ्या दिवशी पहाटे घेऊन जाणार होते, म्हाळूबा. त्या संध्याकाळी तुम्हाला हे सुचलं. स्वतःचं पीक गेलेलं, पुढे तुरुंग, आणि तुम्ही माझी शाळा राखत होता.

मी जनाक्कांना म्हणालो, "मग आता शपथ संपली."

"व्हय," त्या म्हणाल्या. "हे गेले तवाच सरली."

मी उभाच राहिलो. मी वाट पाहिली. गुंडूकडे पाहिलं, त्याच्या बायकोकडे पाहिलं, त्या तिसऱ्या घरच्या माणसाकडे पाहिलं. आता ती बोलतील, म्हटलं. कुणीतरी पान ढकलून उठेल, कुणीतरी माझ्या आईचा उद्धार करेल. मला ते हवं होतं. नऊ वर्षांचं देणं असं निदान फिटायला लागेल, असं मला वाटलं. गुंडू पेल्यातलं पाणी प्याला आणि म्हणाला, "मास्तर, भात निवतोय."

मी बसलो आणि जेवलो. मी तुमच्या बाराव्याचा भात खाल्ला, संपूर्ण. निघताना जनाक्कांनी विचारलं, "उद्या शाळा हाय न्हवं?" मी मान हलवली. घरी आल्यावर ट्रंक बाहेर काढली. पहाटेपूर्वी निघावं, नंदिगड्ड्याला गाडी मिळेल, असा हिशेब केला. आता शपथ नाही, आता इथली मुलं माझ्याकडे कशाला येतील, असं स्वतःला सांगितलं. ते सांगणं सोयीचं होतं, म्हणून खरं वाटत होतं.

सकाळी ट्रंक तशीच ठेवून मी शाळा उघडली. निघायच्या आधी एकदा रिकामी खोप बघावी, म्हणजे जायला हरकत राहणार नाही, असं मनात होतं. हजेरी घेतली. गुंडूची दोन्ही नातवंडं होती. तिसऱ्या घरचा पोरगा होता. तुमच्या लेकीने तिचा धाकटा कुंभारवाड्याहून आणून बसवला होता, त्याचं नाव पटावर नव्हतं, ते मी घातलं. गैरहजर कुणीच नव्हतं.